तळहातावरचा दिवा

शेवंताच्या मनगटावरचा दिवा लाल झाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा क्लारा नुकतीच जेवायला बसली होती. तिने ताट झाकलं, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. भूक नव्हतीच. गेले कित्येक दिवस ताट वाढून घ्यायचं आणि झाकून ठेवायचं, असंच चाललं होतं. आज निदान त्याला कारण तरी होतं.

मिरज स्टेशनामागच्या चाळीत शेवंता माने पायरीवरच बसली होती.

"आलीस? मला वाटलं आज दुसरी कोणतरी पाठवतील."

"दुसरी कोण येणार? मीच आहे तुझ्या नशिबात."

"वैनीनं आजपण माझा कप वेगळा धुतला. मी म्हटलं, वैनी, इतकी वर्षं झाली, डॉक्टरांना माझ्या रक्तात शोधून सापडत न्हाई एचआयव्ही. तर ती म्हणती कशी, सापडत न्हाई म्हणजे मग लपलाय कुठं?"

क्लाराला हसू आलं. मग शेवंतालाही आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. क्लारा तिच्या शेजारी पायरीवर टेकली. पाठीवर हात फिरवत राहिली. असं बसणं तिला चांगलं जमायचं. काही बोलायचं नाही, घाई करायची नाही, समोरच्या बाईचं रडून होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचं. आज मात्र तिला वाटलं, आपलंच डोकं या बाईच्या खांद्यावर टाकावं आणि झोपून जावं.

"तुझं बरं हाय बाई," शेवंता डोळे पुसत म्हणाली. तिने क्लाराचं मनगट धरून पट्ट्यावरचा दिवा पाहिला. "कसा हिरवागार! तुला कसं गं काही होत न्हाई?"

"होतं की."

"काय होतं? आई गेली तवासुदीक हिरवीच होतीस. आम्ही सगळ्या फोनवर बघत होतो. काळीज कशाचं केलंय देवानं तुझं, कोण जाणे."

क्लाराने बोलायला तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं, की माझ्या इंजेक्शनची तारीख उलटून दीड महिना झालाय, आणि मी ते विसरले नाहीये. पण तिची नजर स्वतःच्या मनगटाकडे गेली. दिवा हिरवा होता.

"चहात साखर किती घालू?" ती म्हणाली आणि आत गेली.

*

त्या काळापर्यंत एचआयव्हीशी चाललेली लढाई बरीचशी जिंकल्यासारखी झाली होती. रोजच्या गोळ्या मागे पडून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं होतं. औषध कातडीखाली बसून हळूहळू झिरपत राहायचं. विषाणू पेशींच्या आत कुठेतरी दडून असायचा, पण रक्तात सापडायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला लागायचाही नाही. बाई साठी-सत्तरीपर्यंत सुखाने जगू शकायची.

मात्र इंजेक्शन घ्यायला उठून जावं लागतं, आणि उठून जायला उद्याच्या दिवसाची थोडी तरी ओढ असावी लागते. ती ओढ कुठल्याही कुपीत मिळत नव्हती. कप वेगळा धुतला जाणाऱ्या, लग्नातल्या पंगतीत कोपऱ्यात बसवल्या जाणाऱ्या बायका एक दिवस कंटाळायच्या आणि इंजेक्शनला जायच्या नाहीत. चुकलेला डोस भयंकर असायचा तो वेगळ्याच कारणाने. औषध अंगातून एकदम जात नाही, विरळ होत जातं. त्या विरळ औषधात विषाणू पुन्हा डोकं वर काढतो आणि त्याच औषधाला चुकवायला शिकतो. एकदा शिकला, की मग ते औषध पुन्हा लागू पडेल याची खात्री उरत नाही.

म्हणून डॉक्टर निवेदिता बेडेकरांच्या 'सोबत' संस्थेने मनपट्टा आणला. दिसायला साधं घड्याळ. पाठीमागून कातडीत प्रकाश सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. रक्त प्रकाश शोषतं, त्यामुळे नाडीच्या प्रत्येक ठोक्याला परतणारा प्रकाश जरासा कमीजास्त होतो. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडंथोडं बदलत असतं. ताण साचत गेला की ते ताठर, एकसारखं होतं. त्यावरून पट्टा माणसाच्या मनाचा अंदाज घ्यायचा, आणि वरचा दिवा हिरवा, पिवळा किंवा लाल व्हायचा. लाल झाला की संस्थेतली सोबतीण घरी पोचायची. पट्टा आंघोळीलासुद्धा काढायचा नाही, असा दंडक होता. आणि जी बाई सदोदित हिरवी, तिला सोबतीण करायचं, असाही.

क्लारा सिद्दी तीन वर्षांत एकदाही पिवळी झाली नव्हती.

ती मूळची कर्नाटकातल्या हल्याळकडच्या जंगलातली. तिच्या पूर्वजांना शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून जहाजांवर घालून आणलं गेलं होतं. तो काळा रंग आणि ते दाट कुरळे केस पिढ्यान्‌पिढ्या टिकले. लग्न होऊन ती मिरजेला आली तेव्हा रिक्षावाले तिच्याशी इंग्रजीत बोलायचे, आणि "मार्केटपर्यंत किती घेणार, दादा?" म्हटलं की दचकायचे. नवरा गेल्यावर तिचा आजार कळला, तेव्हा केसपेपर काढणारा माणूस शेजारच्याला हळूच म्हणाला होता, "तिकडूनच आणला असणार." तिकडे म्हणजे कुठे, हे तिने विचारलं नाही. मिरजेत तिला पहिल्यांदा कुणी अक्का म्हटलं ते 'सोबत'मध्ये, मनगटावरच्या हिरव्या दिव्यामुळे.

पट्टा पहिल्यांदा बांधला ती सकाळ तिला लख्ख आठवत होती. आवय, म्हणजे तिची आई, गावाहून आली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून तिने सगळ्यांदेखत क्लाराचे केस विंचरले होते, तेल लावून, एकेक बट सोडवत, जणू क्लारा अजून शाळेतच जात होती. त्याच बाकावर तंत्रज्ञाने क्लाराच्या बोटाला चिमटा लावून यंत्राला तिची नाडी ओळखीची करून दिली आणि पट्टा मनगटावर चढवला. दिवा हिरवा झाला. "तुझ्या रानाचा रंग," आवय म्हणाली होती.

तीच आवय तीन महिन्यांपूर्वी गेली. शवपेटी मातीत सोडत असताना क्लाराच्या मुलीने, रुफिनाने, हळूच फोन काढून पाहिला. आईचा दिवा तिला हुबळीत बसून रोज फोनवर दिसायचा. हिरवा दिसला की ती निर्धास्त कामाला लागायची. संध्याकाळी अंगणात ती म्हणाली, "आई, तू पूर्ण वेळ हिरवीच होतीस."

"मग?"

"मग काही नाही. मला वाटलं, आजीसाठी तरी..."

त्यानंतर तिचे फोन आखूड होत गेले. आणि क्लारा स्वतःच विचारात पडली. छातीत दगड ठेवल्यासारखं होतं हे खरं, पण पट्टा तर शांत म्हणतोय. यंत्राला आपल्याशी खोटं बोलून काय मिळणार? कदाचित यालाच शांत म्हणत असतील. कदाचित आपणच कोरड्या आहोत. इंजेक्शनच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेली, आतली रांग पाहिली, बाहेरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसली आणि परत आली. आठवणीचे निरोप येत राहिले, ती ते पुसत राहिली. हिरव्या बाईच्या घरी चौकशीला कुणी येत नसतं.

*

रविवारी दुपारी तिने आवयचं कवंद बाहेर काढलं.

कवंद म्हणजे सिद्दी बायकांची गोधडी. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे कडेपासून शिवत यायचे, गोल फिरत आत आत. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं लावायची, नाहीतर कवंद उघडं दिसतं म्हणतात. मध्यभागी शेवटचा तुकडा लागायच्या आधी त्याखाली तांदळाचे चार दाणे टाकायचे. ते कवंदाचं पोट, ते रिकामं ठेवायचं नाही. आवयचं कवंद मध्याच्या अलीकडे थांबलं होतं. पोटाच्या जागी हाताएवढं भगदाड राहिलं होतं.

क्लारा एरवी मशीनवर परकर शिवायची. हाताने जाड थर टोचायची सवय गेली होती. सुई अर्ध्यात अडकायची. अशा वेळी आवय तळहातात चामड्याचा तुकडा बांधून त्याने सुई रेटायची. क्लाराने इकडेतिकडे पाहिलं. चामडं कुठून आणणार? मग तिने मनपट्टा मनगटावरून खाली सरकवला आणि फिरवून तळहातावर घट्ट बसवला, पाठ कातडीला आणि काच बाहेर. पट्टा अंगावरच होता, दंडक मोडला नव्हता. काचेने सुई छान रेटली जात होती.

आवयच्या निळ्या लुगड्याचा तुकडा हाती आला. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. क्लारा टाके घालत राहिली. डोळ्यांना धार लागली होती, पण हात चालू होते. फोन कधीपासून वाजत होता तो तिने घेतला नाही.

दार धाडकन उघडलं. दारात शेवंता, दोन्ही हात कणकेने भरलेले, पदर सुटलेला, धापा टाकत.

"काय घेतलंस? बोल! विष घेतलंस?"

"काय?"

"लाल झालीयास! नुसती लाल न्हाई, लुकलुकतीयास! रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, आमची अक्का गेली, हाण गाडी!"

क्लाराने तळहात उलटून पाहिला. काचेखाली लाल दिवा उघडझाप करत होता. तिला पहिल्यांदा आली ती लाज. तिने हात पाठीमागे लपवला, आणि मग लहान मुलीसारखं लपवलंय हे लक्षात येऊन पुढे आणला. पट्टा तिने मनगटावर ओढला. दोघी बघत राहिल्या. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला.

"बिघडलाय," क्लारा म्हणाली.

"थांब." शेवंताने कणकेचे हात क्लाराच्याच पदराला पुसले आणि स्वतःचा पट्टा तळहातावर बसवला. तो पिवळा होता, पिवळाच राहिला. मनगटावर घेतला, तरी पिवळाच. "माझा इथंपण पिवळा, तिथंपण पिवळा. मग तुझाच का बदलतोय?"

तिने क्लाराचा हात आपल्या हातात घेतला. तळवा फिकट होता. मनगट काळं. शेवंताने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

मग ती खाली बसली. क्लाराच्या ओल्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आणि मी म्हणत होते, काळीज कशाचं केलंय."

*

दुसऱ्या दिवशी संस्थेत इंजिनिअर मुजावरांनी पट्टा जोडून पडद्यावर दोन रेघा काढल्या. तळहाताची रेघ डोंगराच्या कड्यासारखी स्पष्ट होती. मनगटाची म्हणजे नुसती धूळ.

"कातडीतलं मेलॅनिन प्रकाश शोषतं," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. क्लाराकडे बघणं त्यांना जड जात होतं. "रंग जितका गडद, तितका रक्तापर्यंत पोचून परत येणारा प्रकाश कमी. तळहाताला, तळपायाला ते फार कमी असतं, सगळ्याच माणसांत. पट्टा बनवताना ज्यांच्यावर तपासला, त्यांच्यात तुमच्या रंगाचं कुणी नव्हतं."

"पण मग काही दिसत नाही असं सांगायचं ना त्याने," क्लारा म्हणाली. "शांत का सांगितलं?"

मुजावरांनी मनगटाची रेघ मोठी केली. "सारखे 'दिसत नाही' असे निरोप येऊन लोक वैतागतात. म्हणून आम्ही त्याला शिकवलं, की नाडी नीट सापडली नाही तर अगदी पहिली नोंद धरायची. तुमची पहिली नोंद घेतली ती..." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पट्टा बांधला त्या सकाळी. बोटाला चिमटा लावला होता तेव्हा."

म्हणजे तीन वर्षं तिच्या मनगटावर एकच सकाळ पेटलेली होती. तेलाचा वास, आवयची बोटं, दवाखान्याचा बाक.

डॉक्टर बेडेकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचेही डोळे थकलेले होते. "पुढच्या आठवड्यात समिती येते आहे. मान्यता मिळाली तर पट्टे सगळ्या जिल्ह्यांत जातील, शेजारच्या राज्यातही. अहवालात तुमचंच उदाहरण पहिलं आहे, क्लाराबाई." त्या थांबल्या. "लाल बाई सोबतीण राहू शकत नाही, हा नियम मीच केलेला. तो तुम्हाला लावणं माझ्या जिवावर येतंय. समिती जाईपर्यंत पट्टा मनगटावरच राहू दे. मग आपण सावकाश दुरुस्त करू. मी हे तुम्हाला सांगायला नको, पण सांगते आहे."

"विचार करते," क्लारा म्हणाली. इंजेक्शनचं तिने त्यांनाही सांगितलं नाही.

घरी येताना तिला कुणीकुणी "अक्का" म्हणून हाक मारली. तिने मान हलवली. मनगटावर दिवा हिरवा होता, आणि सगळं आहे तसं ठेवणं फार सोपं होतं. काहीच करावं लागणार नव्हतं. तिच्यासारख्या दमलेल्या बाईला याहून मोठा मोह कोणता?

कवंद कालपासून तसंच पसरलेलं होतं. ती त्याच्याजवळ बसली. शेजारच्या राज्यात, म्हणजे हल्याळलाही पट्टे जाणार. तिच्या मामेबहिणी, त्यांच्या सुना. त्यांतल्या दोघींना तरी हा आजार होता, तिला ठाऊक होतं. त्या सगळ्या हिरव्या दिसणार. आकाश कोसळलं तरी हिरव्या. आणि कुणाच्याच दारात कणकेचे हात घेऊन कुणी धावत येणार नाही.

तरीही तिचा हात पट्ट्याकडे गेला तो थांबलाच. आवयच्या त्या सकाळचं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या खोट्या दिव्यात होतं. तो विझवायचा म्हणजे तिला आणखी एकदा मातीत ठेवायचं.

"आवय," ती हळू म्हणाली, आणि पट्टा तळहातावर सरकवला.

दिवा लाल झाला. लगेच फोन वाजला.

"आई? तू लाल दिसतेयस. कालपण दिसलीस. यंत्र बिघडलंय ना?"

"काही ना..." सवयीने तोंडात आलेला शब्द क्लाराने गिळला. "बिघडलेलं होतं. आता दुरुस्त झालंय."

क्लाराने कवंदाची कड मांडीवर ओढली.

"आजीसाठी वाटलं होतं मला, रुफिना. खड्ड्याशी उभी होते तेव्हा माझे पाय माझे नव्हते. आणि ऐक, मी इंजेक्शन चुकवलंय. दीड महिना झाला. मला उठवत नाही गं."

"आई..." मग नाक ओढल्याचा आवाज. "मी रोज बघत होते. रोज हिरवं बघून फोन ठेवत होते."

"तू काय करणार? मीपण तेच बघत होते."

"मी निघते. मिळेल त्या गाडीने निघते. शेवंतामावशीला पाठवू का तोवर?"

"तिला पाठवावं लागत नाही," क्लारा म्हणाली. जिन्यात चपलांचा आवाज ओळखीचा होता.

*

हॉस्पिटलच्या रांगेत शेवंता तिच्या पुढे उभी राहिली, मागून पळून जाऊ नये म्हणून हात मात्र धरून. इंजेक्शन दिलं गेलं. विषाणू या दीड महिन्यात काही शिकला की नाही, ते रक्ताच्या तपासणीत कळणार होतं, आणि तपासणीला वेळ लागणार होता. नर्सने खोटा धीर दिला नाही, ते क्लाराला बरं वाटलं.

डॉक्टर बेडेकरांना तिने एवढंच सांगितलं, "समितीला माझं उदाहरण द्या. पण दोन्ही रेघांसकट." डॉक्टरांनी अहवालाचं पहिलं पान पुन्हा काढलं. नंतर म्हणाल्या, "एक वर्ष मागे जाऊ." क्लारा म्हणाली, "जाऊ." समितीपुढे त्या रेघा त्यांनी स्वतः दाखवल्या. पट्टे थांबले. संस्थेतल्या काही बायका क्लारावर रागावल्या, नव्या पट्ट्यांची त्यांनीही वाट पाहिली होती. सोबतिणीचं काम तिच्याकडून गेलं. अक्का ही हाक मात्र गेली नाही, याचं तिला अजून नवल वाटत होतं.

रुफिना रजा काढून आली होती. ती नवशिक्या हाताने टाके घालत होती आणि शेवंता तिला नावं ठेवत होती.

"हे टाके हायत का कोंबडीची नखं? आजी बघत असंल वरून."

"मग तुम्ही घाला, मावशी."

"मी आज ड्युटीवर हाय. तुझी आई लाल, मी हिरवी. आयुष्यात पहिल्यांदा."

मध्यभागी शेवटचा तुकडा राहिला. आवयच्या निळ्या लुगड्याचाच होता. क्लाराने डब्यातून तांदळाचे दाणे घेऊन त्या जागी ठेवले. तळहातावरच्या काचेने सुई रेटायला गेली, पण हातात जोर नव्हता.

"माझ्याने होत नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. रुफिनाने तिच्या हाताखालून सुई घेतली आणि पोट शिवून टाकलं.

शेवंता स्वयंपाकघरात गेली आणि झाकलेलं ताट घेऊन आली.

"कवंदाचं पोट भरलं. आता हे."

"नंतर."

"दोन घास. मी बघत बसते."

क्लाराने ताटावरचं झाकण काढलं. भात निवला होता. तिने पट्टा न काढता डावा हात कवंदावर पालथा ठेवला. बोटांच्या फटींतून लाल उजेड निळ्या तुकड्यावर सांडत होता. उजव्या हाताने तिने एक घास घेतला, सावकाश चावला, आणि दुसरा घेतला.